अनसूयाबाईंचा कोरा रकाना

आमच्या पेन्शनरांच्या बाकड्यावर संध्याकाळी एक विषय हटकून निघतो. "पूर्वीची माणसं काय जगायची हो! शुद्ध तूप, मोकळी हवा, पायी चालणं. शंभरी म्हणजे किरकोळ!" एकाने सुरुवात केली की बाकीचे माना डोलावतात आणि ज्याच्या त्याच्या गावचा एकेक शंभरीतला आजा तिथे हजर होतो. मग मला राहवत नाही आणि आमचं भांडण होतं. मी उभी नोकरी जन्म-मृत्यूच्या नोंदणीत काढली आहे. पूर्वीची माणसं शंभर वर्षं जगायची असं म्हणणाऱ्याने माझी रजिस्टरं पाहिलेली नाहीत. जी जगली ती म्हातारी होऊन लोकांच्या आठवणीत राहिली. पाळण्यातून गेलेल्यांची आठवण कोण काढणार? त्यातल्या कितीकांची तर नावंसुद्धा ठेवलेली नव्हती. मृत्यूच्या पानावर नावाच्या जागी मी नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहून पुढच्या ओळीवर जात असे.

मग हल्ली माणसं जास्त का जगतात? लस आली, नळाच्या पाण्यात औषध पडायला लागलं, क्षयाची इंजेक्शनं आली, सुईणी कात्री उकळायला लागल्या. हे सगळं खरं आहे आणि पुस्तकात छापलेलं आहे. पण औषध बाटलीत असतं आणि बाटली दवाखान्यात असते. पेशंट असतो लालबागच्या चाळीत चौथ्या मजल्यावर, आणि दारात त्याची आजी कमरेवर हात ठेवून उभी असते. त्या आजीच्या पलीकडे बाटली कोणी नेली, हे पुस्तकात नाही. आमच्या वॉर्डात ती अनसूयाबाई कांबळे यांनी नेली. कोणाची परवानगी घेऊन नेली असं मात्र नाही.

मी भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या बाजूला आमच्या नोंदणीच्या खोलीत नवा कारकून म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वडील गिरणीत, घर लालबागला, मूळ गाव मालवणकडे, आणि मॅट्रिक झाल्याचा ताठा नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच सोमवारी एक बाई दारात आली. काळी, उंच, हडकुळी. पांढरं स्वच्छ लुगडं, निळा काठ, पायांत पुरुषी चपला, एका हातात चामड्याची बॅग आणि दुसऱ्यात छत्री. छत्री त्या उन्हापावसासाठी कमी आणि दारं ठोठावण्यासाठी जास्त वापरत. माझ्या टेबलाशी येऊन त्या म्हणाल्या, "नवे तुम्हीच ना? बरं. ओ जन्ममृत्यू, मागच्या आठवड्याचं मयताचं रजिस्टर काढा. बघू द्या माझी कोण गेली."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी जन्ममृत्यू झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंका आहे. "जन्ममृत्यू, चहा झाला का?" "जन्ममृत्यू, तुमच्या लग्नाचं काय?" भररस्त्यात त्या अशी हाक मारत आणि लोक मागे वळून बघत.

त्या म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या फिरत्या नर्स होत्या. बाळंतपणं, लसटोचणी, लहान मुलांची तपासणी, हे त्यांचं काम. दर सोमवारी मृत्यूचं रजिस्टर वाचणं हे काही त्यांचं काम नव्हतं. पण त्या बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत, आणि एक वर्षाच्या आतलं मूल आलं की बोट थांबे. मग मृत्यूच्या कारणाचा रकाना. तिथे लोक सांगत तेच मी लिहिलेलं असे: ताप, आकडी, दृष्ट, अशक्तपणा.

"हे काय लिहिलंय? ताप?"

"त्याच्या बापाने तसं सांगितलं."

"बापाला काय कळतंय! ताप कशानं आला? जुलाब होते का? नाळ कशानं कापली होती? विचारलंत?"

"बाई, माणूस मूल पुरून आलेला असतो. त्याला मी काय विचारू?"

त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं. मग म्हणाल्या, "विचारायचं. रडत असला तरी विचारायचं. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा येईल तो तुमच्याकडे."

मला राग आला होता. पण त्या दिवसापासून मी विचारायला लागलो.

'देवाने नेलं' हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. कोणी काढलाच तर त्या शांतपणे विचारत, "कुठल्या नळाचं पाणी प्यायला होता देव?" म्हाताऱ्या कानांवर हात ठेवत. पाठीमागे त्यांना 'जहाल' म्हणत. त्या मात्र हसून बॅग उचलत आणि पुढच्या खोलीचं दार छत्रीने वाजवत.

आमच्या चाळीत राधाक्का नावाची जुनी सुईण होती. अर्धी चाळ तिच्या हातावर जन्मलेली, मीसुद्धा. नर्सबाई पहिल्यांदा आमच्या चाळीत आल्या तेव्हा त्यांच्याशी तिचं आता वाजणार म्हणून आम्ही गॅलरीत जागा धरून उभे राहिलो. अनसूयाबाई तिच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "राधाक्का, चहा ठेवा." चहाचं पातेलं चढलं. पाणी उकळल्यावर बाईंनी कोपऱ्यातला राधाक्काचा नाळ कापायचा विळा उचलला आणि चहाच्या त्याच पातेल्यात बुडवला. राधाक्का किंचाळली. बाई म्हणाल्या, "तुमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे हे मला ठाऊक आहे. विळा तेवढा घाण आहे. तो असा उकळलात तर माझी तुमच्यावर एका अक्षराची तक्रार नाही." राधाक्का महिनाभर बोलली नाही. मग एके दिवशी ती स्वतःच दवाखान्यात जाऊन विळ्यासाठी वेगळं पातेलं मागून आली.

पाचवीच्या पूजेचंही तसंच. बाळ पाच दिवसांचं झालं की सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून आमच्याकडे कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवत. अनसूयाबाई पूजेच्या आड कधी आल्या नाहीत. फक्त म्हणत, "ती कपाळावर लिहू दे काय लिहायचं ते. मी दंडावर लिहीन." आणि पुढे मूल जरा मोठं झालं की देवीची लस टोचून दंडावर आपली खूण उठवून जात. आमच्या गल्लीतल्या आज पासष्टी-सत्तरी गाठलेल्या कुणाचीही बाही वर करून बघा. ती सही तिथे आहे.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. सांगताना लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो. अनसूयाबाई महार समाजातल्या होत्या. पुढे त्यांनी दीक्षा घेतली, आणि नोकरीच्या कागदांत धर्माच्या जागी 'बौद्ध' असं लिहून घेईपर्यंत साहेबांच्या टेबलापुढून हलल्या नाहीत. पण मी सांगतोय ते त्याच्या आधीचं. आमच्या चाळीत सगळ्या घरांनी त्यांना बाळंतपणाला आत घेतलं होतं. रक्ताला, घाणीला, वेणांना त्यांचा हात चालत होता. पाण्याला चालत नव्हता. माठाच्या दिशेला त्या गेल्या की घरातली बाई आडवी येई. आमच्या घराबाहेर गॅलरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप ठेवलेला असे. त्यात त्यांचा चहा. तो नेऊन देणारा मीच. तो कप बघून त्या कधी काही म्हणाल्या नाहीत. चहा घेत आणि कप स्वतः विसळून जागेवर ठेवत. मॅट्रिक झालेला मी खाली बघत उभा राहत असे.

आमच्या शेजारच्या खोलीत परब राहत. अनंता परब गिरणीच्या साचाखात्यात, मागांवर कामाला, त्याची बायको सुमती आणि त्याची आई, जानकीआजी. सुमतीची पाच मुलं गेली होती. एकही दोन वर्षांचं झालं नव्हतं. सहावा मुलगा झाला. अनसूयाबाईंनीच सोडवली तिला. बाराव्या दिवशी बाई विचारायला आल्या, नाव काय ठेवलं? जानकीआजी म्हणाली, "धोंडू."

ज्या घरात मुलं राहत नाहीत तिथे पुढच्या पोराला दगडू, धोंडू, केरू असं काहीतरी म्हणायचं, ही आमची रीत. मृत्यूला वाटावं, हा तर दगड आहे, ह्याला कोण नेणार! खरं नाव वर्ष-दोन वर्षं ठेवायचंच नाही. नाव ठेवलं म्हणजे माया ठेवली, आणि माया ठेवली की दृष्ट लागते.

अनसूयाबाई त्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या त्या तणतणतच. "परबांच्या मुलाचं नाव अजून नाही. रकाना कोरा ठेवा. तिथे धोंडू लिहाल तर पेन मोडीन तुमचं."

"बाई, लोक मायेपोटीच करतात ते."

"मायेपोटी नाही, जन्ममृत्यू. हे आधीच रडून मोकळं होणं आहे. मूल दगड म्हणून वाढवायचं. म्हणजे गेलं तर दगड गेला." त्या खुर्चीत बसल्या. एरवी बसत नसत. "माझं नाव काय होतं माहितीये? दगडी. माझ्यावरची सहा गेलेली. मला अठरा वर्षांपर्यंत दगडीच म्हणायचे. नर्सिंगला नाव घालायला गेले, तिथल्या बाईंनी विचारलं, नाव? मी म्हटलं, अनसूया. कुठनं सुचलं देव जाणे. घरी येऊन सांगितलं तर आई रडायला लागली. म्हणाली, आता तू पण जाशील." त्या उठल्या. "तर मी काही गेले नाही. ह्या पोराला वर्षाच्या आत नाव मिळणार. खरं नाव. आणि तो ते घेऊन म्हातारा होणार. लिहून ठेवा कुठे तुमच्याकडे."

माझ्याकडे तसा रकाना नव्हता. पण त्या दिवसापासून परबांचा धोंडू जगतो की नाही, हा सवाल परबांच्या घरापुरता राहिला नाही. अनसूयाबाईंनी तो आपल्या अंगावर घेतला. आठवड्यातून एकदा त्या येत, पोराला तराजूच्या झोळीत घालून तोलत आणि विचारत, "काय सुमती, नाव?" सुमती सासूकडे बघून मान हलवी. पण एकदा जिन्यात मी ऐकलं. सुमतीने बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि बाई म्हणाल्या, "छान आहे. तोंडाबाहेर काढ की आता." सुमती घाबरून आत पळाली.

पोरगं नऊ महिन्यांचं झालं आणि मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबाग-परळ तर रोजच रस्त्यावर. मोर्चे, लाठ्या, अश्रुधूर, मग गोळीबार, मग कर्फ्यू. अनंता परब मोर्चात पकडला गेला. गिरण्यांचे भोंगे बंद, दुकानं बंद. माझी कचेरीही बंद, म्हणून मी घरीच. खाली रस्त्यावर पोलिसांच्या बुटांचा आवाज आणि मधूनच एखाद्या गच्चीवरून घोषणा. आणि ऐन त्यात परबांच्या पोराला जुलाब लागले.

जानकीआजीने पाच नातवंडांचा अनुभव लावला. जुलाब लागले की पाणी तोडायचं. आईचं दूध बाधलं असेल म्हणून तेही तोडायचं. आत जाईल ते सगळं खाली वाहून जातं, तर मग आत घालायचं कशाला? हे आमच्याकडे सगळ्यांनाच पटलेलं होतं, माझ्या आईलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचं रडणं बंद झालं. टाळू खाली गेली होती, रात्रीपासून लघवी नव्हती. डोळे अर्धे उघडे. सुमती भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसली होती, आणि तिच्या चोळीवर दूध पाझरत होतं.

मी शर्ट घातला. आई म्हणाली, "खंय चललंस? गोळी घालतीत." मी मागच्या गल्लीतून, घरांच्या पडव्यांखालून दवाखान्याच्या बाजूला गेलो. मला फार पुढे जावं लागलं नाही. नाक्यावरच पांढरं लुगडं दिसलं. एक हवालदार काठी आडवी धरून उभा होता.

"ओ बाई, कर्फ्यू हाय. दिसत न्हाई का?"

"दिसतोय. बाळंतिणींना पण सांगितलाय का? त्यांनी ऐकलेलं दिसत नाही."

"मला वरनं आर्डर हाय."

"मला खालनं आहे," त्या म्हणाल्या आणि काठी बाजूला सारून चालायला लागल्या. हवालदार बघतच राहिला. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पाणी तोडलंय?" मी हो म्हटलं. त्यांनी शिवी दिली. त्यांच्या तोंडून शिवी मी तेवढी एकदाच ऐकली.

चार मजले त्या एका दमात चढल्या. परबांच्या दारात जानकीआजी उभी होती. पाच फूटही नसेल म्हातारी, पण तिने दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

"आजी, सरा. मुलाला पाणी द्यायला हवं."

"पाणी दिलंव तर पोरगो हातचो जातलो. माका शिकवू नको. पाच गेली माझी, ह्याच हातांत गेली."

"त्या पाचांना पाणी दिलं होतं?"

म्हातारीने चौकट आणखी घट्ट धरली.

"मी कॉलऱ्याच्या वॉर्डात काम केलंय, आजी. माणूस जुलाबानं मरत नाही, पाणी आटून मरतो. उकळलेलं पाणी, चिमूटभर मीठ, साखर. एवढंच लागतं. मी देते."

"तू?" जानकीआजीचा आवाज चढला. "तुज्या हातचा पाणी आमच्या घरात चलाचा नाय. बाळंतपणाक चलला, ता येगळा."

गॅलरीत सगळी बिऱ्हाडं जमली होती. कोणी पुढे झालं नाही. मीही नाही. अनसूयाबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. मला वाटलं, आता ह्या म्हातारीला ढकलून आत शिरतील, किंवा बॅग उचलून जिना उतरतील. दोन्हीतलं काही केलं असतं तरी माझ्याने त्यांना दोष देववला नसता.

त्या उंबऱ्याबाहेर गॅलरीच्या फरशीवर खाली बसल्या. बॅग उघडली, वाटी आणि चमचा काढला आणि मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या हातचं नको ना? मग तुमच्या हातचं द्या. मी इथनं सांगते. पण द्या. मी इथनं हलणार नाही. पोलिसांनी उचललं तरी परत येईन. हे पोर मी जाऊ देणार नाही, आजी. तुम्ही पाच दिलीत. सहावं मी देणार नाही."

म्हातारीच्या हातांतून चौकट सुटत नव्हती. आज मला तिचा राग येत नाही. पाच वेळा तिने जीव लावून जे केलं तेच चुकीचं होतं, हे एका उंबऱ्यावर उभं राहून मान्य करायचं म्हणजे पाचही मुलं पुन्हा एकदा मारण्यासारखं होतं.

तेवढ्यात आतून सुमती उठली. पोराला छातीशी धरून ती सासूच्या हाताखालून वाकून बाहेर आली. लग्न होऊन आल्यापासून सासूपुढे मान वर न केलेली बाई. अनसूयाबाईंच्या शेजारी ती मांडी घालून बसली, पदर सारून पोराला अंगाशी घेतलं आणि म्हणाली, "बाय, तुमच्या हातान द्या. माका चलता."

पोराला दूध ओढायचीही ताकद नव्हती. पाणी हवं होतं, आणि परबांचा माठ आजीच्या पाठीमागे होता. गॅलरीभर बायका उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या घरात पाणी होतं. मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत नव्हती, कोनाड्यातल्या त्या कपाकडे बघत होती. मग ती माझ्यावर खेकसली, "बघतस काय मेल्या? स्टो पेटव!" आणि आत जाऊन आमची पितळेची कळशी घेऊन आली. ती तिने अनसूयाबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि कळशीला त्यांचा हात लागला तरी उचलून घेतली नाही.

मग दिवसभर ते चाललं. उकळून निवलेलं पाणी, मीठ, साखर. एक चमचा, थांबायचं, पुन्हा एक चमचा. पोराने दोनदा ओकून टाकलं. जानकीआजी उंबऱ्यातून ओरडली, "बघितलंस?" बाई म्हणाल्या, "बघितलं. अर्धं राहिलंच की आत," आणि पुन्हा चमचा भरला. दुपारी आईने पेज केली. बाईंनी ती फडक्यातून गाळून घेतली आणि तीही चमच्याने पाजली. त्यांचा चमच्याचा हात दुखायला लागला की त्या डावा वापरत. सुमतीला किंवा मला त्यांनी तो दिला नाही. खाली रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली की सगळे कठड्याशी धावत, त्या मान वर करत नसत. मधूनच पोराच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून बघत आणि पुटपुटत, "चल रे. चल ना."

उन्हं कलली. अनसूयाबाईंनी पोराला स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं. एकाएकी त्या ताठ झाल्या. पांढऱ्या लुगड्यावर एक ओला डाग पसरत होता.

सगळ्यांत आधी उमजलं ते जानकीआजीला. पाच पोरांच्या वेळी ती ह्याचीच वाट बघत बसलेली असणार. ती उंबरा ओलांडून धावत बाहेर आली आणि उभ्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मुतलो! मुतलो गो, माझो राजा मुतलो!"

अख्खी गॅलरी हसायला लागली. हसता हसता बायका डोळे पुसत होत्या. अनसूयाबाई लुगड्यावरचा तो डाग दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि रडत होत्या, अगदी मोकळ्या गळ्याने. जानकीआजी आत गेली, आपल्या माठातला तांब्या भरून घेऊन आली आणि म्हणाली, "हात फुडे कर." बाईंनी ओंजळ पुढे केली. म्हातारी त्यांच्या हातांवर पाणी घालत राहिली. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिने तो आणखी एकदा भरून आणला, ह्या वेळी प्यायला.

"सुमती," बाई पाणी पिऊन म्हणाल्या, "आता नाव."

सुमतीने सासूकडे बघितलं. मग पोराकडे बघून म्हणाली, "प्रभाकर." पहिल्यांदा हळू. मग पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू येईल असं.

कर्फ्यू उठला त्या सकाळी माझ्या टेबलासमोर जानकीआजी उभी होती. कचेरीची पायरी ती जन्मात पहिल्यांदाच चढली असेल. "लिव," ती म्हणाली. मी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी शाई वाळेपर्यंत ती त्या रकान्याकडे बघत उभी राहिली. वर्षाला अजून तीन महिने बाकी होते.

एका पोराने चाळ बदलत नाही, हे मलाही कळतं. त्यानंतरही अनसूयाबाईंना दारातून परत पाठवणारी घरं होती. त्यानंतरही मी मयताच्या पानावर नुसतं 'मुलगा', 'मुलगी' लिहिलं. पण आमच्या गॅलरीत जुलाबाला पाणी तोडणं बंद झालं ते झालंच. कुणाचं पोर आजारी पडलं की जानकीआजीच चौकशीला हजर होई आणि त्याच्या आईने हयगय केली तर तिला झापत असे: "पाणी दिलंस काय त्याका? दी आधी! माका शिकवू नको!" अनसूयाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हातारीला पगार लावा आता म्युनिसिपालिटीचा."

पुढे त्यांची बदली शीव कोळीवाड्याकडच्या दवाखान्यात झाली. सोमवारी रजिस्टर मागायला कोणी येईना. सवयीने मी मात्र सकाळी ते काढून टेबलावर ठेवत असे.

त्यांना शेवटचं बघितलं ते राज्य झालं त्या दिवशी. मुंबईसह महाराष्ट्र. लालबागला गुलाल, लेझीम, पेढे, गच्च्यांवर पताका. अनंता परब खांद्यावर झेंडा घेऊन नाचत होता. मी चाळीच्या तोंडाशी उभा होतो आणि समोरून गर्दी कापत त्या येताना दिसल्या. तेच लुगडं, तीच चाल, केस मात्र पिकलेले. हातात लसीची पेटी.

"बाई, आज तरी सुट्टी घ्यायची! आज सण आहे."

"सण आहे म्हणून तर आले. आज सगळी घरी सापडतील," त्या म्हणाल्या. "इथलं सगळं व्यवस्थित आहे ना, बघायला मुद्दाम आले. शाळेत घातलेल्यांना पुन्हा टोचायचंय."

तेवढ्यात चाळीच्या तोंडाशी गोट्या खेळणारं एक पोर ताडकन उभं राहिलं. गुलालाने माखलेलं, गुडघे फुटलेलं, समोरचे दोन दात पडलेले. त्याने त्या पेटीकडे बघितलं. बाईंनीही त्याच्याकडे बघितलं, आणि त्या आनंदाने ओरडल्या, "प्रभाकर!"

पोरगा जो सुटला तो लेझीमवाल्यांच्या पायांतून, ढोलाच्या खालून, अनंताच्या हातातून निसटून थेट रस्त्याच्या टोकाकडे. गोट्या तिथेच टाकून. माणसं बाजूला होत होती, आणि तो एकदाही मागे न बघता पळत होता. मी त्याला धरायला धावणार, तोच अनसूयाबाईंनी छत्री आडवी घालून मला अडवलं.

"धरू नका त्याला, जन्ममृत्यू. पळू दे." त्या पेटी खाली ठेवून टाचांवर उंच झाल्या, त्याची पाठ दिसावी म्हणून. ढोलाच्या वर आवाज काढून त्या ओरडल्या, "पळ रे! म्हातारा होईस्तोवर पळ!"